ग्रीसच्या बेटांवर पहिल्यांदा जाताय? बेटं कमी घ्या, दिवस जास्त ठेवा

आमच्या दोन ट्रिप झाल्या ग्रीसच्या. पहिल्या ट्रिपला मी आणि नवरा, नऊ दिवसांत पाच बेटं. दुसऱ्या ट्रिपला सोबत माझ्या सासूबाई, वय ६७, पूर्ण शाकाहारी, महिन्याच्या दोन्ही एकादशा करणाऱ्या, आणि तेव्हा अकरा रात्रींत तीनच बेटं. पहिल्या ट्रिपचे फोटो बघताना कुठलं बेट कुठलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, दुसऱ्या ट्रिपमधली बेकरीवाली आजीसुद्धा आठवते. ओळखीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला विचारतं की कसं करायचं, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवतेय, पहिल्यांदा जाणाऱ्याने हे धरून प्लॅन करावा.

१. आधी महिना ठरवा

बेटांवरचा सीझन साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. हिवाळ्यात लहान बेटांवर हॉटेलं, टॅव्हर्ना म्हणजे तिथल्या खानावळी, बऱ्याचशा बंद असतात आणि बोटीही कमी होतात, त्यामुळे ख्रिसमसच्या सुट्टीत ग्रीक बेटं हा विचार सोडून द्या. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, ऊन आणि भाव तिन्ही टोकाला, शिवाय मेल्तेमी नावाचा उत्तरेकडून येणारा वारा याच दिवसांत जोरात असतो, त्याचं पुढे सांगतेच.

आपल्या शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे महिना सोयीचा पडतो, आणि मे छान आहे, डोंगर हिरवे असतात, रानफुलं असतात, पण समुद्राचं पाणी गार असतं, मुंबई-गोव्याच्या कोमट पाण्याची सवय असलेल्याला चटका बसेल इतकं. पाण्यात मनसोक्त डुंबायचं असेल तर सप्टेंबर. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा सगळ्यात सुखाचं असतं आणि युरोपातल्या शाळा सुरू झाल्याने गर्दीही ओसरलेली असते. मला विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा आठवडा, डोळे मिटून.

२. व्हिसा

ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा. फी मोठ्यांना ९० युरो, व्हिसा सेंटरचे चार्जेस वेगळे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात म्हणून तीन-साडेतीन महिने आधीच लागा कामाला. बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, राहण्याची बुकिंग, विमानाची बुकिंग आणि किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. हॉटेलं कॅन्सल करता येतील अशीच घ्या, व्हिसा हातात पडेपर्यंत नॉन-रिफंडेबल काही घेऊ नका. आणि इटली वगैरे जोडून जात असाल तर ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज करायचा.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झालीय, त्यामुळे अथेन्सला उतरल्यावर लगेचची बोट किंवा लगेचचं दुसरं विमान धरू नका.

३. बेटं निवडणं, इथेच बहुतेकांचं चुकतं

ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटंच दोनशेच्या वर आहेत, आणि ती गटागटाने विखुरलेली. अथेन्सच्या जवळ सारोनिक, मधोमध सायक्लेडीज, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून रोड्स-पात्मोस वगैरे दोदेकानिस, पश्चिमेला कोर्फू-झाकिन्थोस वगैरे आयोनियन, आणि दक्षिणेला एकटं मोठं क्रीट. एका ट्रिपमध्ये एकच गट घ्यायचा. सान्तोरिनी आणि कोर्फू एकाच ट्रिपमध्ये म्हणजे देशाच्या या टोकाचं त्या टोकाला, मध्ये बोट नाही, परत अथेन्सला येऊन विमान घ्यावं लागतं. क्रीट तर इतकं मोठं आहे की त्याला एकट्यालाच आठवडा द्यावा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी सायक्लेडीज सांगते, पांढरी घरं, निळे घुमट, जे आपल्या डोक्यात असतं ते इथेच आहे. आणि हिशोब असा धरा की बेट बदलायचा दिवस हा गेलेला दिवस. बॅगा भरा, चेकआउट, बंदरावर तासभर आधी पोचा, बोट उशिरा येते, उतरा, नवीन रूम शोधा, की संध्याकाळचे पाच. पहिल्या ट्रिपला आमच्या नऊ दिवसांतले निम्मे असेच गेले.

आमचा दुसऱ्या वेळचा क्रम देते: अथेन्स २ रात्री, सान्तोरिनी २, नाक्सोस ४, तिनोस २, परत अथेन्सला १. हा क्रम मुद्दाम असा आहे, दक्षिणेतून सुरुवात करून वर वर सरकत यायचं, आणि तिनोसहून बोट राफिना बंदराला येते, जे विमानतळाच्या जवळ आहे. उलट मागे-पुढे जावं लागत नाही. मिकोनॉस मी घेतलं नाही, पार्टी आणि ब्रँडेड दुकानं यात आम्हाला रस नव्हता आणि भाव फार आहेत. पण तिथून अर्ध्या तासावर दिलोस आहे, अपोलोचं जन्मस्थान मानलेलं, नुसतं प्राचीन अवशेषांचं बेट, त्याची आवड असेल तर तेवढ्यासाठी एक दिवस काढा. नाक्सोसहूनही सीझनमध्ये दिवसाच्या सहली जातात.

४. बोट

याच्यावर जरा जास्त लिहिते कारण इथेच नवखा माणूस गोंधळतो.

अथेन्सचं मुख्य बंदर पिरेअस. विमानतळाहून मेट्रोची तीन नंबरची लाइन २०२२ पासून थेट पिरेअसपर्यंत जाते, आणि एक्स ९६ नंबरची बस दिवसरात्र असते. पिरेअस प्रचंड आहे, ई १, ई २ अशी गेट आहेत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला बॅगा ओढत चालणं अशक्य. सायक्लेडीजच्या बोटी बहुतेक ई ६-ई ७ च्या बाजूने सुटतात, ते मेट्रो स्टेशनच्या समोरच आहे, क्रीटच्या बोटी बऱ्याच लांबून. तिकिटावर गेट बघा आणि आदल्या दिवशी परत एकदा खात्री करा.

बोटी दोन प्रकारच्या. मोठी, संथ, डेक असलेली साधी फेरी आणि छोटी वेगवान हायस्पीड. पिरेअस ते सान्तोरिनी साध्या फेरीने साडेसात-आठ तास, हायस्पीडने पाचच्या आसपास आणि पैसे जवळपास दुप्पट. लोक वेळ वाचवायला हायस्पीड घेतात, पण तिच्यात डेकवर उभं राहायला फारशी जागा नसते, बंद केबिनमध्ये बसायचं आणि लाटा असतील तर ती खूप उडते. ज्यांना बोट लागते त्यांनी मोठी फेरीच घ्यावी. सासूबाईंसाठी आम्ही सगळीकडे मोठी फेरी मिळेल तिथे तीच घेतली, त्या डेकवर बाकड्यावर बसून तासन् तास समुद्र बघत होत्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायच्या लहानपणीच्या आठवणी सांगत. बोट हा त्यांच्या ट्रिपचा सगळ्यात आवडता भाग झाला. बोट लागण्याच्या गोळ्या मात्र इथूनच न्या.

चढताना बोटीचा मागचा मोठा दरवाजा उघडतो, तिथून गाड्या, ट्रक, माणसं सगळं एकदमच आत जातं. आत गेल्यागेल्या सामानाचे कप्पे असतात, त्यांच्यावर बेटांची नावं असतात, आपल्या बेटाच्या कप्प्यात मोठी बॅग ठेवायची आणि वर जायचं. पासपोर्ट, औषधं, पैसे जवळ. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी अनाउन्समेंट होते, ती झाली की लगेच खाली गाडीतळावर येऊन उभं राहायचं, कारण मधल्या बेटांवर बोट अगदी थोडा वेळ थांबते, बॅग शोधायला वेळ लावलात तर पुढच्या बेटावर जाल. दरवाजा उघडायच्या आधी साखळ्यांचा आवाज, डिझेलचा वास आणि मग एकदम समोर उजेडात पांढरं गाव, तो क्षण मला फार आवडतो.

आता वारा. मेल्तेमी जोरात आला की पोर्ट पोलीस बोटी बंद करतात, यात कंपनीचा काही दोष नसतो. तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीवर जागा देतात, पण तुमचं पुढचं हॉटेल आणि विमान त्यांच्या हातात नसतं. पहिल्या ट्रिपला आमची एक बोट अशीच रद्द झाली, पुढच्या बेटावरच्या हॉटेलचे पैसे गेले आणि नवऱ्याने रात्रभर फोनवर धडपड केली. म्हणून नियम एकच: भारताच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच. त्याच दिवशी बोट आणि त्याच दिवशी विमान हे कधीही करू नका, कितीही वेळ मध्ये दिसत असला तरी.

५. राहणं आणि फिरणं

मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती स्टुडिओ घ्या, छोटा ओटा, फ्रिज, इलेक्ट्रिक शेगडी असते. भारतीय कुटुंबाला हे फार बरं पडतं, सकाळचा आपला चहा होतो. बुक करताना किती पायऱ्या आहेत हे लिहून विचारा, बेटांवरची गावं टेकडीवर असतात आणि सान्तोरिनीच्या कड्यावरच्या खोल्यांना तर पन्नास-साठ पायऱ्या सहज असतात. घरमालक बंदरावर घ्यायला येतात बऱ्याचदा, तेही विचारून ठेवा. हॉटेलच्या बिलात धरलेला नसतो असा एक सरकारी कर तिथे गेल्यावर भरावा लागतो, उन्हाळ्यात रात्रीला खोलीमागे २ ते १५ युरो, हॉटेलच्या स्टारप्रमाणे.

बाथरूममध्ये टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा, पाइप अरुंद असतात. सवय व्हायला एक दिवस लागतो. बऱ्याच बेटांवर नळाचं पाणी प्यायचं नसतं, दुकानातून मोठे कॅन आणा.

फिरायला सार्वजनिक बस असते, केटेल म्हणतात तिला, स्वस्त आणि नाक्सोस-सान्तोरिनीत चांगली चालते. गाडी भाड्याने घ्यायची तर आरटीओमधून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, गाड्या उजव्या बाजूने चालतात हे आपल्याला सतत डोक्यात ठेवावं लागतं. चार चाकी उघड्या एटीव्ही सगळीकडे भाड्याने मिळतात, तरुण मुलं त्याच घेतात, पण डोंगरातले वळणाचे रस्ते आणि वारा बघता मी तरी छोटी गाडीच घ्या म्हणेन.

६. सान्तोरिनी: दोन रात्री पुष्कळ

हे बेट म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाची कड आहे. साधारण इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास प्रचंड उद्रेक झाला, मधला भाग खचून समुद्र आत आला, आणि उरलेल्या उंच कड्यावर आज फिरा, इया ही गावं आहेत. बोट अथिनिओस बंदरात शिरते तेव्हा वर मान करून बघावं लागतं. बघायलाच हवं असं आहे, पण गर्दी इतकी की दोन रात्रींनी जीव भरतो.

इयाला सूर्यास्ताला सगळे जातात, खांद्याला खांदा लागतो. त्याऐवजी सकाळी सातला जा. निळ्या घुमटांच्या चर्चांचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो इयाचाच, सकाळी तिथे शांत असतं आणि ही चर्चं आहेत, लोकांची प्रार्थनेची जागा, हेही तेव्हाच जाणवतं. लोकांच्या गच्च्यांवर, चर्चच्या छपरांवर फोटोसाठी चढू नका प्लीज, तिथल्या लोकांना याचा फार त्रास झालाय.

पाय चांगले असतील तर फिरा ते इया कड्याकडेने पायवाट आहे, दहाएक किलोमीटर, पहाटे निघा, टोपी आणि पाणी घ्या. आणि अक्रोतिरी सोडू नका, त्याच उद्रेकाच्या राखेत गाडलं गेलेलं गाव, दुमजली घरं, गटारं, रांजण जागच्या जागी. वर छप्पर आहे त्यामुळे दुपारच्या उन्हातही बघता येतं. तिथली मूळ भित्तिचित्रं मात्र फिराच्या म्युझियममध्ये आणि अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, म्हणून आम्ही अथेन्सला आधी दोन रात्री ठेवल्या.

बीच इथले काळ्या वाळूचे, पेरिसा आणि कामारी. दुपारी ती वाळू तव्यासारखी तापते, चपला पाण्याच्या कडेपर्यंत घालून जा.

७. नाक्सोस: इथे मुक्काम टाका

सायक्लेडीजमधलं सगळ्यात मोठं बेट, आणि स्वतःच्या शेतीवर जगणारं, त्यामुळे टुरिस्ट नसले तरी इथे गाव चालू असतं. ते वेगळेपण पहिल्याच दिवशी कळतं.

बंदरातून उतरताच डावीकडे एका छोट्या टेकाडावर संगमरवराची भलीमोठी चौकट उभी दिसते, पोर्तारा. इ.स.पूर्व सहाव्या शतकात सुरू केलेल्या आणि कधीच पूर्ण न झालेल्या देवळाचं दार. संध्याकाळी तिथे जाऊन बसा, तिकीट नाही, चालत दहा मिनिटं.

बीचसाठी गावाच्या दक्षिणेला एकामागोमाग एक लागतात: आयिओस ज्यॉर्जिओस गावालाच लागून, उथळ, लहान मुलांना उत्तम. मग आयिओस प्रोकोपिओस, आयिआ आन्ना, आणि पुढे प्लाका, चारेक किलोमीटर सलग वाळू. सगळीकडे बस जाते. पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या लोकांना काही गोष्टी नव्या वाटतील. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, कोकणात कसं पाणी अर्धा किलोमीटर आत जातं तसं काही नाही, टॉवेल टाकला तिथे दिवसभर राहतो. पाणी आपल्यापेक्षा खारट, त्यामुळे तरंगायला सोपं, आणि इतकं स्वच्छ की छातीभर पाण्यात आपली नखं दिसतात. पण वारा बघायचा. उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेला किंवा आडोशाचा बीच निवडायचा, घरमालकाला सकाळी विचारलं तर तो हवेकडे बघून सांगतो आज कुठे जा. खडकाळ जागी समुद्री साळू असतात, काटे पायात मोडतात, तेव्हा पाण्यात घालायचे रबरी बूट न्याच.

छत्री आणि आरामखुर्च्यांचे पैसे पडतात, पण बीच कायद्याने सगळ्यांचा आहे, स्वतःची चटई टाकून बसायला कोणी हटकत नाही. झाऊची झाडं असतात कडेला, त्यांची सावली फुकट. कपड्यांचं म्हणाल तर कोणी कोणाकडे बघत नाही. लेगिंग आणि टीशर्टवाल्या सासूबाई गुडघाभर पाण्यात रोज तासभर उभ्या असायच्या. लांबच्या बीचच्या टोकाला काही लोक विवस्त्र असतात, कुटुंब सोबत असेल तर बसच्या स्टॉपजवळच्या भागात बसा, तिथे घरंदाज गर्दी असते.

एक पूर्ण दिवस डोंगरातल्या गावांना द्या. हाल्की, फिलोती, आपिरान्थोस. बसनेही होतं पण गाडी बरी. आपिरान्थोसच्या गल्ल्यांना संगमरवराची फरशी आहे. मोनी गावाजवळ पानायिआ द्रोसिआनी म्हणून दगडी चर्च आहे, बाहेरून एखाद्या जुन्या गोठ्यासारखं ओबडधोबड, आणि आत भिंतीवर हजार वर्षांहून जुनी चित्रं, पुसट, मेणबत्तीच्या काजळीत. बायकांनी जपलेलं चर्च आहे ते, आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी दाराशी खुर्ची टाकून बसली होती. सासूबाई आणि ती, दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण हात धरून बसल्या होत्या. हाल्कीत किट्रोन नावाची लिकर करतात, ती ज्या झाडाच्या पानांपासून करतात ते म्हणजे आपलं म्हाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते फळ. त्याच्या सालीचा मुरंबाही मिळतो, घरी आणण्यासारखा आहे.

८. तिनोस, आणि चर्चमध्ये कसं वागायचं

तिनोसला भारतीय फार जात नाहीत आणि मला याचं वाईट वाटतं. कारण देव, नवस, वारी हे ज्याला कळतं त्याला हे बेट लगेच कळतं.

बंदरापासून एक सरळ चढाचा रस्ता वर पानायिआ एवांगेलिस्त्रिआ चर्चपर्यंत जातो. ३० जानेवारी १८२३ ला इथे जमिनीत मेरीमातेचं आयकॉन म्हणजे पवित्र चित्र सापडलं आणि त्यावर हे चर्च उभं राहिलं. त्या रस्त्याच्या कडेने एक अरुंद गालिचा टाकलेला आहे, आणि नवस बोललेली माणसं बंदरापासून त्यावरून गुडघ्यांवर रांगत वर जातात. उन्हात. आम्ही गेलो तेव्हा तिशीतली एक बाई जात होती, तिचा नवरा शेजारून पाण्याची बाटली घेऊन चालत होता. सासूबाई रस्त्यातच थांबल्या आणि त्यांनी हात जोडले. लोटांगण घालत जाणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिलीयत, त्यांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. अशा वेळी फोटो काढायचा नाही, हे सांगायला लागू नये.

आत आयकॉन सोन्या-रत्नांनी इतकं मढलेलं आहे की चित्र दिसतच नाही. छतापासून चांदीच्या वस्तू टांगलेल्या, बोट, पाळणा, घर, ज्याला जे मिळालं ते. नवसाच्या या वस्तूंना तामा म्हणतात. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हात-पाय वाहतात ना, तीच गोष्ट, इथे ती चांदीच्या पत्र्यावर. १५ ऑगस्टला मेरीमातेचा सण असतो, तेव्हा संपूर्ण ग्रीसमधून लोक इथे येतात, त्या आठवड्यात खोली मिळण्याची आशा ठेवू नका.

चर्चमधल्या रीतीभाती. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बॅगेत एक ओढणी कायम ठेवा. चपला काढायच्या नसतात, आपल्याला चुकल्यासारखं वाटतं पण ती तिथली पद्धत. दाराशी मेणबत्त्या असतात, पेटीत नाणं टाकून एक घ्यायची, लावायची, वाळूत खोचायची, कोणत्याही धर्माच्या माणसाला चालतं. समोर चित्रांची जी लाकडी किंवा संगमरवरी भिंत असते तिच्या मागे जायचं नाही. प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहा, फ्लॅश अजिबात नको. दुपारी एक-दोनपासून पाचपर्यंत बरीच चर्चं बंद असतात, सकाळीच बघा. मठांमध्ये जास्त कडक असतं, काही ठिकाणी बायकांना पँटवरही स्कर्ट गुंडाळायला सांगतात, तो दारातच देतात.

रानात, कड्यावर, समुद्राच्या टोकाला खोलीएवढी पांढरी चर्चं दिसतील, ती बहुतेक एकेका घराण्याची, वादळातून वाचलेल्या खलाशाने बांधलेली वगैरे. ज्या संताचं चर्च त्याच्या सणाला तिथे पानियिरी होते, म्हणजे आपली जत्रा, प्रार्थना, मग जेवण, वाजंत्री, रात्रभर नाच. गावात पोस्टर दिसलं किंवा घरमालकाने सांगितलं तर जा, परक्याला बसवून घेतात.

तिनोसवर दुसरा दिवस पिर्गोस गावाला द्या, संगमरवर घडवणाऱ्यांचं गाव, बस स्टॉपची पाटीसुद्धा संगमरवरी. इथली ही कला युनेस्कोच्या यादीत २०१५ मध्ये गेली. वाटेत नक्षीदार कबुतरखाने दिसतात, शेकडो आहेत बेटावर.

९. जेवण, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

एक शब्द पाठ करा: नीस्तीसिमो. म्हणजे उपासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास वर्षातले कितीतरी दिवस असतात, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, १ ते १४ ऑगस्ट, शिवाय बुधवार-शुक्रवार पाळणारे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही चालत नाही. त्यामुळे आजीच्या हातच्या शाकाहारी पदार्थांची मोठी परंपरा तिथे आहे आणि टुरिस्ट मेन्यूत ती दिसत नाही, विचारावी लागते. फक्त लक्षात ठेवा, त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ, आठ पायांचा ऑक्टोपस चालतो, म्हणून नीस्तीसिमोच्या पुढे 'होरिस थालासिना', समुद्रातलं नको, हेही सांगा. आणि 'होरिस क्रेआस' म्हणजे मांस नको.

काय मागवायचं? फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, सान्तोरिनीची प्रसिद्ध. यिगान्देस, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल. रेविथिआ म्हणजे काबुली चणे, लिंबू पिळून. ब्रिआम, भाज्यांची एकत्र भाजलेली रस्सेदार भाजी. टोमॅटो आणि झुकिनीची भजी. होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी, आणि उन्हाळ्यात जी व्लिता देतात तो चक्क माठ, सॅलडमध्ये ग्लिस्त्रिदा दिसली तर ती आपली घोळ. सासूबाईंनी ताटात घोळ ओळखली आणि टॅव्हर्नाच्या मालकिणीला खुणांनी सांगत बसल्या की आम्ही हिची डाळ घालून भाजी करतो.

गेमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, आणि दोल्मादेस, द्राक्षाच्या पानातला भात, हे कधी खिम्याचे असतात, दरवेळी विचारा. तारामोसलाता गुलाबी दिसते पण ती माशांच्या अंड्यांची. चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने प्राण्यांचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला जनावराच्या पोटातून काढलेला पदार्थ, असतं, जे हे कडक पाळतात त्यांनी फेटा टाळावं. जैन मंडळींना कांदा-लसणामुळे अवघड जाईल, स्टुडिओतली शेगडी आणि घरून नेलेली मूगडाळ हाच उपाय. एकादशीला आमचं नाक्सोसनेच भागवलं, इथला बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे, उकडून त्यावर मीठ, सोबत घट्ट दही, मध आणि अंजीर.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. गाव्रोस तळून मागवा, मांदेलीच्या नात्यातलाच, तसाच डोक्यासकट कुरकुरीत खायचा. मोठा मासा किलोवर असतो, आधी वजन करून भाव विचारायचा, नाहीतर बिल बघून घाम फुटतो. मेन्यूत नावापुढे फुली असेल तर माल फ्रोझन.

ब्रेड न मागता येतो आणि त्याचे थोडे पैसे लागतात. पदार्थ मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खायची पद्धत, एकदम सगळं मागवू नका, हप्त्याने मागवा. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर, सातला टॅव्हर्ना रिकामी दिसली तर ती वाईट आहे असं समजू नका. सकाळी फूर्नोत म्हणजे बेकरीत जाऊन गरम स्पानाकोपिता घ्या, पालकाची पॅटिस म्हणा. टिप सक्तीची नाही, पाच-दहा टक्के ठेवतात.

आणि एक शब्द जपून: 'ने' म्हणजे हो. आपल्याला ऐकू येतं 'नाय'. नाही म्हणायला 'ओही', किंवा नुसती मान वर करून जिभेने च्च करतात. सासूबाईंनी दोन दिवस 'ने ने' म्हणत हात हलवला आणि त्यांच्या ताटात वाढणं चालूच राहिलं.

१०. परतताना

तिनोसहून राफिनाची बोट सकाळची घ्या, राफिनाहून विमानतळाला आणि अथेन्स शहराला दोन्हीकडे बस आहे. शेवटची रात्र शहरात काढा. घरी आणायला नाक्सोसचं ग्राविएरा चीज दुकानातच व्हॅक्युम पॅक करून मागा, ते करून देतात, चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून ठेवा. ऑलिव्ह तेल पत्र्याच्या डब्यातलं घ्या, काचेच्या बाटलीतलं नको. वाळवलेला ओरेगानो आणि केपर्स मात्र अथेन्सच्या विमानतळावर नाही, तिनोसच्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या छोट्या दुकानांतून घ्या, तिथे म्हाताऱ्या बायका स्वतः खुडून वाळवलेलं विकतात, पुडी बांधताना मूठभर जास्तच घालतात.